फणसाच्या गाठीची फुलदाणी

सावंतवाडीच्या बाजारात एक गंमत हमखास पाहायला मिळते. पाहुणा दुकानात शिरतो, टोपलीतलं पिकलेलं केळं बघतो, हात पुढे करतो आणि दचकतो. केळं लाकडाचं! शेजारचं सीताफळ लाकडाचं, हिरवी मिरची लाकडाची, अर्धं सोललेलं संत्रंसुद्धा लाकडाचंच. दुकानदार गालातल्या गालात हसतो, कारण दिवसातून दहा जण तरी असे फसतात.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं हे टुमदार गाव. कोल्हापूरकडून येत असाल तर आंबोलीचा घाट उतरायचा. आंबोलीपासून सावंतवाडी साधारण तीस किलोमीटर. रेल्वेनं यायचं तर १९९८ साली सुरू झालेली कोकण रेल्वे आहेच. गावाच्या मधोमध मोती तलाव, त्याच्या काठाला भोसले घराण्याचा राजवाडा आणि मागे नरेंद्र डोंगराची हिरवी भिंत. तलावाच्या कडेनं संध्याकाळी चक्कर मारली की अर्धं गाव भेटतं.

राजवाड्यात गेलात तर गंजिफा जरूर पाहा. गंजिफा म्हणजे जुन्या काळचे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग असतात आणि प्रत्येक रंगाची बारा पानं: एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. म्हणजे एकूण किती? बरोबर, १२०! ही पानं हातानं रंगवतात. ही कला मरणपंथाला लागली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात जुन्या चिताऱ्यांकडून ती समजून घेतली, नव्या मुलांना शिकवली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. म्हणून आज आपल्याला ती बघायला मिळते.

पण आज मला सांगायचंय ते लाकडाबद्दल.

गावातल्या चितार आळीत लाकडी वस्तूंची दुकानं ओळीनं आहेत. पाट, चौरंग, पाळणे, भातुकली, भोवरे, फळं. बहुतेक सगळ्यांवर झगझगीत रंग. लाल, पिवळा, हिरवा. रंगाखाली कुठलं लाकूड आहे ते कळतही नाही. खेळण्यांसाठी इथं पूर्वीपासून पांगाऱ्याचं लाकूड वापरतात. लालभडक फुलांचा पांगारा तुम्ही पाहिला असेल. त्याचं लाकूड वजनाला हलकं आणि हत्याराला मऊ. पण पांगारा आता पूर्वीसारखा सहज मिळत नाही, अशी कारागिरांची तक्रार असते. मग आंबा, शिवण, फणस असं मिळेल ते लाकूड घ्यावं लागतं.

अशाच एका कारागिराच्या पडवीत मी माझ्या भाचा-भाचीला घेऊन दोनदा गेले. पहिल्यांदा २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत आणि दुसऱ्यांदा २०२३ च्या मे महिन्यात. कारागीर साठीच्या घरातले. मुलं त्यांना लगेच आजोबा म्हणायला लागली, म्हणून मीही इथं आजोबाच म्हणते. नाव छापायचं नाही, अशी त्यांची अट आहे.

पडवीच्या कोपऱ्यात एक ओबडधोबड गोळा पडला होता. हंड्याएवढा, वेडावाकडा, जागोजागी फुगलेला. भाच्याला वाटलं दगडच आहे.

"ता आमच्या फणसाचा लाकूड," आजोबा म्हणाले. "ह्या लाकूड कोणाक नको होता. म्हणान माझ्याकडे रवला."

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्यावरून गेलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्या वादळात आजोबांच्या परसातला जुना फणस मुळासकट आडवा झाला. तो त्यांच्या आजोबांनी लावलेला. घरातल्या तीन पिढ्यांनी त्याचे गरे खाल्ले होते. सरळ खोड व्यापाऱ्यानं विकत नेलं, कारण फणसाचं लाकूड टिकाऊ आणि त्याला वाळवी सहसा लागत नाही. कोकणात दारं-खिडक्यांना ते पिढ्यानपिढ्या वापरतात. दक्षिणेत तंजावरची वीणा आणि मृदंगही फणसाच्याच लाकडाचे करतात. पण बुंध्याजवळची ही मोठी गाठ मात्र व्यापाऱ्यानं नाकारली. तिच्यातून सरळ फळी निघणार कशी?

गाठ म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. झाडाच्या खोडातले तंतू सहसा खालून वर, सरळ रांगेत उभे असतात, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या वर्गासारखे. पण कुठं जखम झाली, कुठं कीड लागली, कुठं एकाच जागी पुष्कळ कोंब फुटू पाहत असले, की तिथं ही रांग मोडते. तंतू वळतात, गोल फिरतात, एकमेकांत गुंततात. मधल्या सुट्टीतलं मैदानच म्हणा ना! सुताराला असं लाकूड नको असतं, कारण रंधा मारला की कुठं उलटं, कुठं सुलटं सोलतं. पण कापल्यावर आतली नक्षी अशी दिसते, की कुठल्याही चित्रकाराला सुचणार नाही.

आजोबांच्या आईनं, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या 'आये'नं, वादळानंतर एकच मागणं मागितलं होतं. त्या फणसाचं काहीतरी घरात राहिलं पाहिजे. आजोबांनी फुलदाणी करायचं ठरवलं. आये ऐंशीच्या पुढच्या. आम्ही बसलो होतो तेव्हा त्या दारातूनच म्हणाल्या, "माझो फणस माका दिसाक होयो. रंग लावू नको."

सावंतवाडीच्या कारागिराला रंग लावू नको म्हणणं म्हणजे हलवायाला साखर घालू नको म्हणण्यासारखं! रंगाखाली बारीकसारीक दोष झाकले जातात. इथं काहीच झाकता येणार नव्हतं. शिवाय गाठ एकच होती. बिघडली तर दुसरी आणणार कुठून?

मुलांनी विचारलं, "मग दीड वर्ष नुसतं ठेवून का दिलं होतं?"

त्याचं कारण असं. झाड जिवंत असताना त्याच्या लाकडात भरपूर पाणी असतं. झाड पडल्यावर हे पाणी हळूहळू उडून जातं आणि लाकूड आकसतं. पण ते सगळीकडून सारखं आकसत नाही. ओंडक्याच्या टोकाला तुम्ही गोल वलयं पाहता ना? त्या वलयांच्या दिशेनं लाकूड जास्त आकसतं आणि मध्यापासून सालीकडे कमी, बऱ्याच लाकडांत साधारण निम्मं. ही ओढाताण झाली की ओंडका तडकतो. म्हणून वाळलेल्या ओंडक्यावर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या भेगा दिसतात, सायकलच्या चाकाच्या तारांसारख्या. त्यातही कापलेल्या टोकांमधून पाणी फार लवकर उडतं. आजोबांनी त्या दोन्ही टोकांना मेण फासलं होतं आणि गाठ सावलीत, वारा थेट लागणार नाही अशा जागी ठेवली होती.

"लाकडाक घाय नसता. घाय आपणाक," असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवाळीत आम्ही पहिला टप्पा पाहिला. करवतीनं गाठीचे कोपरे उडवून आजोबांनी तिला जमेल तेवढा गोल आकार दिला आणि ती लेथवर चढवली. लेथ म्हणजे लाकूड आडवं धरून गरागरा फिरवणारं यंत्र. कुंभाराच्या चाकावर माती फिरते, तसं इथं लाकूड फिरतं आणि हत्यार एका जागी टेकवून धरायचं असतं. आता विजेची मोटर आहे. पूर्वी एक माणूस दोरीचे वेढे लाकडाला घालून ती दोरी मागे-पुढे ओढायचा. लाकूड एकदा इकडे फिरायचं, एकदा तिकडे. कारागिरानं कापायचं ते फक्त एका फेरीला, उलट्या फेरीला हत्यार मागे घ्यायचं. आजोबा लहानपणी वडिलांसाठी तशी दोरी ओढत असत.

"वायच मागे रवा रे पोरांनू!" त्यांनी दटावलं. मुलांना बाजूला, लाकडाच्या फिरण्याच्या रेषेत येणार नाही असं उभं केलं. स्वतः डोळ्यांना चष्मा लावला, नाकाला फडकं बांधलं, शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. भाचीला ओढणी काढून ठेवायला लावली. फिरणाऱ्या यंत्रात कापडाचं टोक अडकलं, तर माणूस ओढला जातो. हा नियम कुठल्याही यंत्रापाशी पाळायचा, लक्षात ठेवा.

मोटर आधी अगदी सावकाश सुरू केली, कारण गाठ सगळीकडून सारखी जड नव्हती. अख्खं यंत्र थरथरत होतं. गोल तोंडाची पटाशी टेकली की खडखड आवाज यायचा आणि सालीचे तुकडे उडायचे. हळूहळू खडखड कमी झाली. मग नुसती सरसर. पिवळ्याधमक लांब लांब ढलप्या सुटायला लागल्या, आणि पडवीभर लाकडाचा ओलसर वास पसरला. फणसाचं ताजं लाकूड हळदीसारखं पिवळं असतं.

इथं आपण एक छोटं गणित करू. फुलदाणीचं पोट १८ सेंटिमीटर रुंद आणि मान ६ सेंटिमीटर. लेथ मिनिटाला ६०० फेरे घेतोय असं समजा. पोटाचा घेर साधारण साडेछप्पन्न सेंटिमीटर. म्हणजे पोटावरचा एक ठिपका मिनिटाला जवळजवळ ३४० मीटर धावतो. तासाचे झाले वीस किलोमीटर, चांगल्या सायकलस्वाराचा वेग! मानेवरचा ठिपका मात्र तेवढ्याच वेळात जेमतेम सात किलोमीटर जातो, भरभर चालणाऱ्या माणसासारखा. लाकूड एकच, फेरे तेच, तरी वेग वेगळा. म्हणून जाड वस्तू लेथवर सावकाश फिरवायची आणि बारीक वस्तू जोरात.

त्या दिवशी फुलदाणी पूर्ण झाली नाही. आजोबांनी बाहेरचा ढोबळ आकार दिला, आतून पोकळ केली आणि भिंत चांगली बोटभर जाड ठेवून लेथ बंद केला. वहीत कच्चं लिहून मग पक्कं लिहितो ना, तसंच. जाडजूड ओंडक्यापेक्षा पोकळ भांडं लवकर आणि सारखं वाळतं, म्हणून तडकण्याची भीती कमी होते. भांडं त्यांनी त्याच्याच भुशात पुरलं आणि कोपऱ्यात ठेवून दिलं. दर पंधरा दिवसांनी ते बाहेर काढून तराजूत घालायचे आणि भिंतीवर खडूनं वजन लिहायचे. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. भाचा म्हणाला, "हे तर विज्ञानाच्या प्रयोगासारखं आहे!" आहेच मुळी.

मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. भिंतीवर खडूचे आकडे एकाखाली एक होते आणि शेवटचे तीन सारखे होते. आजोबांनी भांडं मुलांच्या हातात दिलं आणि पट्टीनं मोजायला सांगितलं. तोंड गोल राहिलंच नव्हतं! एका बाजूनं रुंदी जास्त, दुसऱ्या बाजूनं चार-पाच मिलिमीटर कमी. मघाशी सांगितलं ना, लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही? त्याचा हा पुरावा. भिंत जाड ठेवली होती ती यासाठीच. आता पुन्हा लेथवर चढवून ती गोल करून घ्यायला जागा होती.

खरी कसोटी आता होती. वाळताना पोटावर एका जागी केसाएवढी भेग पडली होती आणि त्या भेगेच्या टोकाला गाठीत दडलेला सालीचा काळा तुकडा होता. साल लाकडाला घट्ट धरून नसते. फिरता फिरता तो तुकडा उडाला आणि त्याच्याबरोबर भिंतीचा कपचा निघाला, तर सगळं संपलं.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. भांडं कानाशी धरून बोटानं टिचक्या मारत राहिले. चांगल्या जागी टणटण आवाज, भेगेपाशी बद्द. मग त्यांनी लाखेची कांडी दिव्यावर धरली, वितळलेली लाख भेगेत दाबून भरली आणि थंड होऊ दिली. बाहेरून पोटाला चिकटपट्टीचे वेढे दिले. मुलांना पार अंगणात पाठवलं.

आत कोरण्याचं काम सगळ्यांत अवघड. फुलदाणीचं तोंड अरुंद, त्यामुळे आत हत्याराचं टोक दिसत नाही. वाकड्या टोकाची लांब पटाशी आत घालायची आणि कानानं काम करायचं. भिंत पातळ होत जाते तसा आवाज बदलत जातो. आजोबा मधूनमधून लेथ थांबवत, वाकड्या पायांचा कंपास आत-बाहेर लावून जाडी बघत, पुन्हा सुरू करत. मीही अंगणात उभी राहून तो आवाज ऐकत होते. आये उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांना बहुधा माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, कारण आवाज बदलला की त्या मान वर करत.

एकदम 'टक्' असा आवाज झाला. लेथ थांबला.

आम्ही धावलो. भिंत शाबूत होती. सालीचा तुकडा तेवढा निसटून आत पडला होता आणि त्या जागी बोराच्या बीएवढं भोक पडलं होतं. भेग लाखेनं धरून ठेवली होती. आजोबा म्हणाले, भोकात भुसा आणि लाख भरून ते बुजवता येईल. त्यांनी आयेंकडे पाहिलं. आयेंनी भांडं मांडीवर घेतलं, भोकातून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आसांदे ता भोक. हयसर फांदी होती."

ते भोक तसंच राहिलं.

मग सफाई. आधी जाड काचकागद, मग मध्यम, मग बारीक. प्रत्येक कागदानं आधीच्या कागदाचे ओरखडे काढायचे. मधला कागद वगळला तर ओरखडे चकाकी आल्यावर उठून दिसतात. शेवटी आजोबांनी लाखेची कांडी फिरत्या फुलदाणीवर दाबली. या कांडीत रंग मिसळलेला नव्हता, नुसती मधाच्या रंगाची लाख. घासून उष्णता निर्माण होते आणि लाख वितळून लाकडावर पसरते. त्यावर केवड्याच्या पानाचा तुकडा दाबून धरला, की ती सारखी होते आणि आरशासारखी चमकते. लाख म्हणजे काय ठाऊक आहे ना? पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणारे इवलेसे किडे अंगातून जो चिकट रस सोडतात, ती लाख. बांगड्या, मोहोर आणि एके काळी ग्रामोफोनच्या तबकड्यासुद्धा तिच्यापासून होत.

चमक आली आणि गाठीतली नक्षी जागी झाली. पिवळ्यावर तपकिरी भोवरे, ढगांसारख्या लाटा, मध्येच पक्ष्याच्या डोळ्यासारखे ठिपके. उजेडात राहून फणसाचं लाकूड हळूहळू गडद होत जातं. आणखी काही वर्षांनी ही फुलदाणी सोनेरी तपकिरी झालेली असेल.

भाचीला एक शंका आली. "पण भोक आहे तर पाणी कसं राहणार?" पाणी लाकडी फुलदाणीत तसंही थेट घालायचं नसतं. लाकूड ते पितं, फुगतं आणि पुन्हा तडकतं. ताजी फुलं ठेवायची असतील तर आत काचेची नळी ठेवून तिच्यात पाणी घालावं. नाहीतर वाळलेलं गवत, तुरे, मोराचं गळलेलं पीस ठेवावं. आयेंनी मात्र फुलदाणीत काहीच ठेवलं नाही. फणसाच्या वाळलेल्या आठळ्या मूठभर आत टाकल्या आणि ती देव्हाऱ्याशेजारी ठेवली.

निघताना मी आजोबांना विचारलं, तुमच्यामागे हा लेथ कोण चालवणार? मुलगा गोव्याला नोकरी करतो. महिन्याचा पगार ठरलेला असतो, लेथवर तसं नाही. एक फुलदाणी करायला दोन वर्षं लागली, तिची किंमत सांगणार कशी? आजोबा चिडले नाहीत की रडगाणं गायले नाहीत. म्हणाले, शेजारची दोन मुलं शनिवारी भोवरे करायला येतात. त्यातली एक मुलगी आहे आणि तिचा कान चांगला आहे. आठळ्यांपैकी काही त्यांनी परसात पुरल्या होत्या. त्यातल्या एकीला वीतभर रोप आलं होतं, ते त्यांनी मुलांना दाखवलं. फणस लाकडाजोगा व्हायला कितीतरी वर्षं लागतात. तोवर लेथपाशी कोणी तरी हवं, एवढंच.

मित्रांनो, सावंतवाडीला गेलात तर दुकानातलं लाकडी फळ हातात घ्या आणि उलटं करून पाहा. देठापाशी किंवा बुडाशी रंगाखाली बारीक गोल खूण कधी कधी दिसते. लेथनं लाकूड तिथं धरलेलं असतं. आणि तुमच्या गावात एखादं झाड पडलं, तर तोडणाऱ्यांनी बाजूला टाकलेल्या गाठीकडेही एकदा वाकून बघा. वलयं मोजा, तंतू कुठं वळलेत ते शोधा. ती गाठ कुणाला नको असेल, तर सावलीत ठेवून द्या.